बंदीचे दोन महिने आणि फोनवरचं 'मायनिंग': कुठलं काय देतं, कुठलं काय नेतं

१ जूनला बंदी लागली की ट्रॉलर जेटीला, होड्या माडांखाली ताडपत्रीत आणि आपण सगळे घरात. जाळी शिवायची, इंजिन उघडायचं, पावसाकडे बघायचं. ३१ जुलैपर्यंत एकसष्ट दिवस. या दिवसांत हाताला काम कमी आणि फोन जास्त. त्यामुळे दर पावसात ग्रुपवर जाळ्यांच्या फोटोंइतकेच आमंत्रणाचे कोड येतात. 'हा कोड टाक, रोज एकदा बटण दाब, नाणी जमतात, नंतर विकायची.' कोड पाठवणारा परका नसतो. शिपवर गेलेला भाचा असतो, शेजारच्या वाड्यावरचा पोरगा असतो, कधी आपल्याच ट्रॉलरवरचा खलाशी असतो.

पूर्वी सभासद विचारायचे, 'हे खरं की खोटं?' आता प्रश्न बदललाय. 'यातलं कुठलं बरं?' असं विचारतात. पाय बरं की बी? टेलिग्रामवरचं टकटक करायचं बरं, की फोन रात्रभर चार्जिंगला लावून 'खरं मायनिंग' करणारं? आणि पाच हजार भरले की स्पीड वाढतो म्हणतात, ते भरावे का? हा शेवटचा प्रश्न ज्या घरांतून आला, तिथे ऑगस्टच्या पहिल्या फेरीच्या डिझेल-बर्फासाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत. म्हणून हे सगळं एकदा नीट मांडतोय.

तुलना करताना आम्ही एकच माप धरलंय. नाणं किती मिळेल ते नंतर, आधी आपल्या हातून काय जातं ते बघायचं. वेळ जातो, ओळखीची माणसं जातात, आधार-पॅन जातं, बॅटरी जाते की रोकड जाते? या मापाने बघितलं तर एकाच नावाखाली चालणाऱ्या गोष्टी एकमेकींपासून किती लांब आहेत ते कळतं.

आधी मायनिंग म्हणजे काय ते. बिटकॉइनमध्ये सगळ्या व्यवहारांची एक वही असते आणि ती जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारखी ठेवलेली असते. दर दहा मिनिटांच्या आसपास वहीत एक नवं पान जोडलं जातं. ते पान कोण जोडणार हे ठरवायला एक आकडा जुळवायची शर्यत असते. जो आधी जुळवेल त्याचं पान आणि त्यालाच बक्षीस. एप्रिल २०२४ पासून हे बक्षीस ३.१२५ बिटकॉइन आहे. आकडा जुळवायला डोकं लागत नाही, अंदाजामागून अंदाज करत राहायचं असतं आणि त्याला वीज लागते. या कामासाठीच बनवलेलं अँटमायनर एस१९ जातीचं एक यंत्र सेकंदाला ९५ लाख कोटींच्या आसपास अंदाज करतं आणि सव्वातीन हजार वॉट वीज खातं. म्हणजे चार हॉर्सपॉवरची मोटर रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखं. अशी असंख्य यंत्रं गोदामांत रांगेने चालू आहेत. त्यांच्यासमोर आपला फोन म्हणजे पर्सीनच्या ताफ्यासमोर खडकावर गळ टाकून बसलेलं पोर. आणि पोराला निदान एखादा शेवटा तरी लागेल. तेव्हा 'फोनवर बिटकॉइन मायनिंग' असं लिहिलेलं दिसलं की पुढे वाचायची गरज नाही.

मग पाय वगैरे मंडळी फोनवर काय करतात? मायनिंग करत नाहीत. शब्द तेवढा घेतलाय.

पायपासूनच सुरुवात करू, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त लोक यातच आहेत. १४ मार्च २०१९ ला निकोलस कोक्कालिस आणि चेंगडियाओ फॅन या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट केलेल्या दोघांनी हे पुढे आणलं. दर चोवीस तासांनी ॲप उघडून एक बटण दाबायचं, बस्स. फोन तापत नाही, बॅटरी उतरत नाही, कारण फोन काही करतच नाही. तुम्ही आज हजर आहात एवढी नोंद होते, आपल्या हजेरीपटासारखी. वही सांभाळायचं खरं काम वेगळे संगणक करतात, तेही स्टेलर नावाच्या आधीच्या एका नाण्याच्या रीतीवर बेतलेल्या पद्धतीने. आपण 'सिक्युरिटी सर्कल' म्हणून तीन ते पाच विश्वासाची माणसं जोडायची, आणि आपल्या कोडावरून जितकी माणसं आत येऊन बटण दाबत राहतील तितका आपला वेग वाढतो. वापरणारे दसपट झाले की मूळ वेग निम्मा, असं सुरुवातीच्या काळात चाललं. त्यामुळे पहिल्या महिन्यांत आलेल्याला तासाला जे मिळायचं त्याचा किरकोळ भाग नंतरच्यांना मिळाला. 'लवकर ये' म्हणून जी घाई केली जाते ती इथून येते.

रापण ओढायला जितके हात तितके वाटे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण रापणीत वाटा पडतो तो वाळूवर आलेल्या मासळीचा. पायमध्ये दोरीला माणसं लागत राहिली आणि मासळी जवळजवळ सहा वर्षं वाळूवर आलीच नाही. डिसेंबर २०२१ पासून त्यांची वही बंद दाराआड चालू होती. आतल्या आत देवघेव, बाहेर विक्री नाही. दार उघडलं २० फेब्रुवारी २०२५ ला. आठवडाभरात भाव तीन डॉलरच्या जवळ जाऊन आला, मग उतरायला लागला तो उतरतच गेला. २०२५ संपताना एक पाय पाव डॉलरच्याही खाली होता. म्हणजे कुणाकडे १००० पाय मोकळे असतील, तर फेब्रुवारीच्या अखेरीस कागदावर अडीच लाखांवर रुपये आणि वर्ष संपताना अठरा-वीस हजार.

'फुकटात वीस हजार मिळाले तर वाईट काय?' असं एका सभासदाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. ज्याने २०१९-२० मध्ये सुरू केलं, एक रुपया भरला नाही, ओळखीची तपासणी वेळेत केली आणि दार उघडल्यावर विकून मोकळा झाला, त्याचं काही बिघडलं नाही. हे आम्ही लपवणार नाही. ते पैसे आले कुठून, एवढंच विचारायचं. नंतर रोकड देऊन जो विकत घेतो त्याच्या खिशातून आले. पाय देऊन आपल्या पंपावर डिझेल मिळत नाही, बर्फाच्या कारखान्यात लादी मिळत नाही. उद्या कुणीतरी जास्त देईल, या आशेवरच त्याचा भाव उभा आहे.

आणि माल किती आहे तेही बघा. एकूण १०० अब्ज नाणी ठरवलेली आहेत. त्यातली ६५ टक्के बटण दाबणाऱ्यांसाठी, २० टक्के चालवणाऱ्या चमूसाठी, उरलेली फाउंडेशन आणि बाजारातल्या देवघेवीसाठी. कागदावर ही वाटणी वाईट म्हणता येत नाही. पण लोकांनी वेग वाढावा म्हणून दोन आठवड्यांपासून तीन वर्षांपर्यंत आपली नाणी कुलपात ठेवलेली आहेत, ती सुटून बाजारात येत राहतात. एकाच सकाळी सगळ्या जेटींवर तारले उतरले की टोपलीच्या भावाचं काय होतं, ते आपण दर हंगामात बघतो.

पायमध्ये आपल्या हातून जी खरी गोष्ट जाते ती म्हणजे ओळखपत्र. केवायसी केल्याशिवाय जमा झालेली नाणी खऱ्या पाकिटात जात नाहीत. १४ मार्च २०२५ ही त्यासाठी मुदत होती, ती चुकलेल्यांची जुनी जमा बरीचशी गेली. मुदतीच्या या भीतीवर दुसरेच लोक पोट भरतात. 'तुमची केवायसी अडकलीय, पाचशे पाठवा.' 'पाकिटाचे चोवीस शब्द सांगा, चालू करून देतो.' हे चोवीस शब्द म्हणजे तिजोरीची किल्ली आहे. बँकेचा पिन बदलता येतो, हे शब्द दुसऱ्याच्या हाती गेले की त्या पाकिटातली नाणी त्याची. तक्रार घ्यायला बँकेसारखी खिडकी नाही.

बी नेटवर्क त्याच चालीचं आहे. चोवीस तासांनी बटण, आमंत्रणाचा कोड, जोडलेल्या माणसांवर वेग. या वाटेने जाणारी ॲप पहिल्या पावसातल्या अळंब्यांसारखी उगवतात, प्रत्येकाची नावं घेत बसायला नको. पायच्या बाबतीत निदान कोण चालवतं ते माहीत आहे आणि सहा वर्षांनी का होईना नाणं बाजारात उतरलं. नव्या ॲपमध्ये या दोन्ही गोष्टी आहेत का, एवढं विचारलं तरी निम्मी गळतात.

पायच्याही आधी इंग्लंडमधल्या इलेक्ट्रोनियमने हाच मार्ग धरला होता. २०१७ मध्ये त्यांनी नाणी आगाऊ विकून सुमारे ४ कोटी डॉलर उभे केले आणि मार्च २०१८ मध्ये फोनवर 'मायनिंग' करायचं ॲप आणलं. ॲप तुमच्या फोनची ताकद एकदा मोजायचं आणि त्या अंदाजाने ठेवलेल्या साठ्यातून थोडी नाणी द्यायचं. फोनवर खरं मायनिंग होत नाही, ही नुसती नक्कल आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, आणि त्याबद्दल त्यांना मानायला हवं. नाण्याचा भाव मात्र जानेवारी २०१८ मध्ये जो वर गेला होता तिथे पुन्हा कधी गेला नाही. नंतर त्यांनी वहीची पद्धतच बदलली, आणि आपला भर लोकांना इंटरनेटवरून छोटी कामं मिळवून देण्याकडे वळवला.

टेलिग्रामवरची टकटक हा वेगळा प्रकार. यात नाण्याच्या चित्रावर बोट आपटत राहायचं. नॉटकॉइन २०२४ च्या सुरुवातीला आलं, साडेतीन कोटी लोक खेळले आणि १६ मे २०२४ ला नाणं खरोखर विक्रीला आलं. चार-साडेचार महिन्यांत हातात काहीतरी पडलं, केवायसीचा घोळ नाही, पैसे भरायची सक्ती नाही. या जातीत आम्ही त्याला सगळ्यात सरळ म्हणू. त्याचं बघून हॅमस्टर कॉम्बॅट आलं आणि तीस कोटी लोक खेळतात असं सांगू लागलं. २६ सप्टेंबर २०२४ ला वाटप झालं. पात्र ठरले तेरा कोटींच्या वर, आणि भाव निघाला एक सेंटच्या आसपास. बहुतेकांच्या वाट्याला महिनोन्‌महिन्यांच्या टकटकीचे थोडेच रुपये आले, तेही विकायची खटपट केली तर. वर्षभरानंतर त्या भावाचा दहावा भागही उरला नव्हता. वाटे इतके झाले की हाती आला तो मासा नव्हे, खवला.

इथे हातून गेला तो वेळ. आमच्या पोरांचा वेळ म्हणजे काही दरवेळी सोनं नसतं, हे कबूल. पण जाळ्याचा एक कप्पा शिवायला किती वेळ लागतो आणि बाहेरच्या माणसाकडून शिवून घेतला तर किती द्यावे लागतात, हे ज्याचं त्याने मोजावं.

आता ज्यांना 'खरं मायनिंग' हवंय त्यांच्याबद्दल. फोनवर खरं मायनिंग होतच नाही असं नाही. मोनेरो नावाच्या नाण्याने ३० नोव्हेंबर २०१९ ला आपली पद्धत बदलली ती मुद्दाम साध्या संगणकांना जमेल अशी. फोनमध्येही छोटा संगणक असतो, त्यामुळे तो हे गणित करू शकतो. मिळतं किती? २०२० मध्ये एचटीसी कंपनीने आपल्या एक्सोडस १एस या फोनवर मोनेरोचं मायनिंग करून देणारं ॲप येतंय असं जाहीर केलं. ते ॲप करणाऱ्या मिडास लॅब्जनेच आकडा सांगितला होता. दिवसाला सरासरी ०.००३८ डॉलर. तेव्हाच्या भावाने अठ्ठावीस पैसे. महिन्याचे साडेआठ रुपये, त्यातून विजेचं बिल वजा. विकणाऱ्यानेच सांगितलेला हा आकडा आहे, त्यामुळे कमी करून सांगितला असेल असं वाटत नाही.

आणि त्यासाठी फोन तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालवायचा. डिसेंबर २०१७ मध्ये कॅस्परस्की या कंपनीच्या लोकांनी लोआपी नावाचा एक व्हायरस पकडला. तो अँड्रॉइड फोनमध्ये शिरून मालकाच्या नकळत मोनेरो काढायचा. त्यांनी तपासायला ठेवलेल्या फोनची बॅटरी दोन दिवसांत इतकी फुगली की फोनचं मागचं झाकण वाकलं. पुढच्या वर्षी जून-जुलैमध्ये ॲपल आणि गूगल दोघांनीही फोनवर मायनिंग करणारी ॲप आपापल्या दुकानांत ठेवायला मनाई केली. तेव्हापासून असं ॲप हवं असेल तर ते बाहेरच्या लिंकवरून उतरवावं लागतं. कुणाच्यातरी लिंकवरून आलेलं ॲप आपल्या फोनमध्ये, ज्यात यूपीआय आहे, ओटीपी येतात. कशासाठी, तर अठ्ठावीस पैशांसाठी.

दर्यावर जाणाऱ्याला बॅटरी ही खेळायची गोष्टही नव्हे. हवामानाचा इशारा, इन्कॉइसचा मासळीच्या पट्ट्याचा अंदाज, परतीची वाट दाखवणारा नकाशा, रात्री जेटीवरच्या माणसाला लावायचा फोन, हे सगळं त्या एका बॅटरीवर. पावसात दोन महिने तापवून फुगवलेली बॅटरी ऑगस्टमध्ये दुपारपर्यंतही टिकत नाही. नवीन टाकायला जे पैसे पडतात ते साडेआठ रुपये महिन्याने फेडायला वर्षं लागतील.

शेवटचा प्रकार पैसे भरून वेग वाढवायचा. याला ते 'क्लाउड मायनिंग' म्हणतात. तुम्ही पैसे भरा, आमची यंत्रं दूर कुठेतरी चालू आहेत, त्यातला वाटा तुमच्या ॲपमध्ये रोज जमा होईल. जुलै २०२१ मध्ये लुकआउट या फोन-सुरक्षेचं काम करणाऱ्या कंपनीने अशी १७० वर ॲप उघडून बघितली. पंचवीस तर खुद्द गूगलच्या दुकानात होती. आत काय निघालं? काहीच नाही. यंत्रं नाहीत, नाणी नाहीत. पडद्यावर एक आकडा हळूहळू वाढत राहावा, एवढंच त्यात लिहिलेलं होतं. रिक्षाचा मीटर चालू आणि रिक्षा जागेवरच उभी. ९३ हजारांवर लोकांनी त्यात मिळून किमान साडेतीन लाख डॉलर घातले, बरेचसे 'वेग वाढवा' या बटणावर. ठरावीक आकडा गाठल्याशिवाय पैसे काढता येत नव्हते, आणि तो आकडा गाठूनही ते निघत नव्हते.

आपल्या देशात एचपीझेड टोकनचं प्रकरण झालं. बिटकॉइनच्या यंत्रांत पैसे गुंतवतो असं सांगणारं ॲप. सक्तवसुली संचालनालयाने सांगितलेलं गणित असं होतं. ५७ हजार भरा, तीन महिने रोज ४ हजार घ्या. म्हणजे ५७ हजारांचे साडेतीन लाखांवर. पैसे एकदाच दिले आणि मग आणखी भरा म्हणून मागणी सुरू झाली. पहिला हप्ता येतो तेव्हाच माणूस शेजाऱ्याला, मेहुण्याला सांगतो, हे ठगांना चांगलं ठाऊक असतं.

आणि पुणे तर आपल्याला जवळचं. गेनबिटकॉइनवाल्या अमित भारद्वाजला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. त्याचं आमिष होतं, बिटकॉइन द्या, मायनिंगमधून अठरा महिने दरमहा दहा टक्के परत घ्या. सुरुवातीला बिटकॉइनच परत मिळत होते. नंतर ते बंद करून एमकॅप नावाचं घरचंच नाणं लोकांच्या हाती दिलं, ज्याला बाहेर कुणी फारसं विचारत नव्हतं. भारद्वाज जानेवारी २०२२ मध्ये वारला, लोक अजून पैशांच्या मागे आहेत. कागद-पेनवाल्या एजंटांच्या काळातली ही योजना आणि आजचं चकचकीत ॲप यांचा आतला सांगाडा एकच आहे. घेताना चालतं नाणं घ्यायचं, देताना स्वतः छापलेलं द्यायचं.

तेव्हा 'कुठलं बरं' याला आमचं उत्तर असं. पोरगा करमणूक म्हणून नॉटकॉइनसारखं काही खेळला तर त्याला ओरडू नका. पायमध्ये आधीच जमा असेल आणि केवायसी झालेली असेल, तर फेकून द्यायची गरज नाही, पण नवीन रोकड घालून पाय विकत घ्यायला आमची साफ नाही. नव्याने आज सुरू करणाऱ्याला आम्ही म्हणू, आधार-पॅन देण्याइतकं त्यात काही उरलेलं नाही. फोन तापवणारं मायनिंग कुणीच करू नये. आणि पैसे भरून वेग वाढवायचा प्रकार इथे तुलनेला घ्यायलाच नको होता, पण पाच हजारांचा प्रश्न आला म्हणून घेतला. भरू नका. भाचा म्हणाला तरी नाही, तांडेल म्हणाला तरी नाही.

ज्यांच्याकडे नाणी आहेत त्यांना विकताना काय होतं तेही सांगायला हवं, कारण आम्हाला खरी धास्ती इथेच आहे. पाय ज्या ओकेएक्स बाजारात पहिल्या दिवसापासून विकलं गेलं, त्याने एप्रिल २०२४ च्या अखेरीसच भारतातली सेवा बंद केली होती. मग माणूस टेलिग्रामवर गिऱ्हाईक शोधतो. नाणी त्याला पाठवायची, तो यूपीआयने रुपये टाकतो. ते रुपये त्याने दुसऱ्या कुणाला फसवून मिळवलेले असतील तर पोलीस पैशांचा माग काढत तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक खातं गोठवते. तुमचा दोष नसला तरी ते सिद्ध करायला दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडे अर्ज, ई-मेल, खेपा. ज्या खात्यात मासळीचे पैसे पडतात, डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा येतो, खलाशांचे पगार जातात, तेच खातं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात असं झालं तर बोट १ ऑगस्टला जेटीवरच राहील.

कराचंही आहे. नाणी बाळगणं हा गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना यापासून लांब राहायला सांगणारं परिपत्रक काढलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. पण १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस. १ जुलै २०२२ पासून ठरावीक रकमेवरच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. नाणं बटण दाबून मिळालेलं असेल तर खरेदीची किंमत म्हणून दाखवायला हातात काही नसतं. हंगाम तोट्यात गेला म्हणून तो तोटा या नफ्यातून वजा करू म्हणाल तर तेही चालत नाही. आणि बँकेतल्या ठेवीवर पाच लाखांपर्यंत विमा असतो तसा इथे कसलाच नाही.

कुणी आधीच पैसे भरून बसलं असेल तर लाजून गप्प राहू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा, जितका लवकर तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, ज्याला पाठवले त्याचा आयडी आणि चॅटचे फोटो जपून ठेवा, ग्रुप सोडू नका आणि चॅट पुसू नका. 'अडकलेले पैसे सोडवून देतो' म्हणून जो नंतर फोन करतो, तो बहुतेक त्याच टोळीतला असतो.

बंदी उठेपर्यंत संस्थेचं कार्यालय सकाळी उघडं आहे. डिझेलच्या कागदांसाठी येणारच आहात, तेव्हा फोन घेऊन या. कुठलं ॲप कुठून उतरवलंय, त्याला कसली कसली परवानगी दिलीय, खात्यातून महिन्याला गुपचूप काही कापलं जातंय का, हे आम्ही बसून बघून देऊ. म्हाताऱ्यांचे फोनही आणा, नातवंडांनी आजीच्या नंबरावर खाती उघडून ठेवल्याचं दोन-तीन ठिकाणी निघालंय. चोवीस शब्द मात्र आम्हालाही दाखवू नका.